निस्सा कुणाची? अ‍ॅबोलेथ चालवण्याचं एक प्रकरण

अ‍ॅबोलेथ हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फाशांनी खेळायच्या कथा-खेळातला पाण्यातला राक्षस. नियमपुस्तकातल्या त्याच्या पानावरची सगळ्यात धोकादायक ओळ टेंटॅकलची नाही, शेपटीचीही नाही. ती 'एनस्लेव्ह'ची, म्हणजे मन ताब्यात घेण्याची आहे. दिवसातून तीन वेळा, तीस फुटांच्या आत दिसणारं कुणीही, डीसी १४ चा विझडम सेव्ह (वीस बाजूंचा फासा आणि पात्राचा विझडम बोनस मिळून किमान १४ हवेत). तो चुकला की अ‍ॅबोलेथ मरेपर्यंत किंवा दोघं वेगवेगळ्या प्लेनवर (विश्वाच्या स्तरांवर) जाईपर्यंत ते पात्र त्याचं. मिनिटभराची मुदत नाही, मोडता येईल असं कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवणारी एकाग्रता) नाही, आणि हा स्पेल नसल्यामुळे जादू उतरवणारा डिस्पेल मॅजिकही चालत नाही.

पात्राला धोका आहेच, पण त्याहून मोठा धोका टेबलाला आहे. खेळाडूनं महिनोन्‌महिने घडवलेलं पात्र तिच्या हातातून काढून घ्यायचं, डीएमनं (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ते चालवायचं आणि तिनं उरलेलं सेशन फोन बघत बसायचं, असाही या ओळीचा अर्थ लावता येतो. बरेच जण तसाच लावतात. माझं मत वेगळं आहे: ताबा राक्षसाचा असला तरी पात्र खेळाडूचंच राहतं. डीएमनं हुकूम द्यावा. तो कसा पाळायचा, किती पाळायचा, कुठे शब्दशः पाळून मालकालाच अडचणीत आणायचं, हे खेळाडूनं ठरवावं. मी डीएम होतो त्या खालच्या प्रकरणात नेमकं हेच घडलं.

मंडळी आणि जागा

पाच पात्रं, सगळी सातव्या लेव्हलची. ब्रेल हा फायटर (लढवय्या). अर्दन पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा), ओथ ऑफ व्हेंजन्सचा. ओर्विक क्लेरिक (प्रार्थनेनं जादू करणारा), तामिर एल्फ विझर्ड (जादूगार), आणि निस्सा 'रोग' (rogue, म्हणजे लपूनछपून काम करणारी). नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे, आकडेही तिथलेच. त्या हिशेबात अ‍ॅबोलेथ म्हणजे चॅलेंज रेटिंग (अवघडपणा) १०, ५,९०० एक्सपी (अनुभवाचे गुण), १३५ हिट पॉइंट्स (किती इजा सोसेल), आर्मर क्लास (वार लागायला लागणारा आकडा) १७. पाच जणांच्या सातव्या लेव्हलच्या टोळीला ही लढत कागदावर 'हार्ड' ठरते, 'डेडली'सुद्धा नाही. या आकड्यावर भरवसा ठेवू नका. तो समोरासमोरच्या मारामारीचा आहे, आणि इंटेलिजन्स १८ असलेला प्राणी समोरासमोर मारामारी कशाला करेल?

हा राक्षस पहिल्यांदा १९८१ मध्ये डेव्हिड 'झेब' कुक यांनी लिहिलेल्या एका अ‍ॅडव्हेंचरमध्ये आला. आज त्याची ओळख अशी: देवांच्याही आधीचा, काहीही न विसरणारा, पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण जन्मतःच घेऊन येणारा. आमच्या कथेत तो एका बुडालेल्या खाणीच्या तळमजल्यात होता. वर अर्ध्या मैलावर खाणकामगारांचं गाव. हे अर्ध्या मैलाचं अंतर मी मुद्दाम ठेवलं होतं. कारण पुढे येईल.

गावात शिरल्या शिरल्या पहिला सुगावा पाण्यानं दिला. अ‍ॅबोलेथच्या घराभोवती मैलभरातलं पाणी बिघडतं आणि त्याच्या शत्रूंनी ते प्यायलं की काही मिनिटांत उलटी होते. या नियमाकडे बहुतेक डीएम दुर्गंधी आणि वातावरणनिर्मिती म्हणून बघतात. पण नीट वाचा: उलटी *शत्रूंना* होते. म्हणजे गावातली प्रत्येक विहीर आपला कोण आणि परका कोण हे सांगणारं यंत्र आहे. टोळीनं विहिरीचं पाणी प्यायलं आणि पाचही जणांनी ओकून काढलं. शेजारी उभा कामगार तेच पाणी घटाघटा पीत होता. तामिरच्या खेळाडूनं वहीत काहीतरी टिपलं, बाकीच्यांनी विनोद केले.

ताबा

निस्सा एकटीच शाफ्टमधून खाली उतरली. तिचं कामच ते. खाली काळं पाणी, वर टॉर्चही नाही. अ‍ॅबोलेथला अंधारात एकशेवीस फूट दिसतं, त्यामुळे ती काठावर येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिला बघत होता.

त्यानं लगेच एनस्लेव्ह वापरलं नाही. आधी बोलला, मनातल्या मनात: "बराच वेळ वाट बघतोय तुझी. विचार, जे विचारायचंय ते."

निस्साच्या खेळाडूनं, स्वभावाला धरूनच, उत्तर दिलं: "तू कोण?"

एवढं पुरलं. अ‍ॅबोलेथशी कुणी टेलिपथीनं बोललं आणि तो त्याला बघू शकत असेल, तर त्या माणसाच्या सगळ्यात खोल इच्छा त्याला कळतात. निस्साची इच्छा तिच्या शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती: आपलं घर कुणी पेटवलं हे शोधणं. अ‍ॅबोलेथ म्हणाला, "आग लागली त्या रात्री वारा उत्तरेचा होता. दोघं होते. एकाचं नाव तुला माहीत आहे." खेळाडू गप्प झाली. त्यानंतर सेव्ह. विझडम +१, म्हणजे फाशावर १३ किंवा जास्त हवे. शक्यता चाळीस टक्के. नऊ पडले.

ज्यांना अ‍ॅबोलेथ 'रंगवायचा' आहे त्यांना मी हा क्रम पाळायला सांगेन: बोलणं, मग इच्छा, मग ताबा. थेट ताबा घेतला तर तो फाशाचा दुर्दैवी आकडा होऊन राहतो. आधी काहीतरी हवंहवंसं दाखवलं की पात्र हरल्यावरही खेळाडूच्या हातात खेळायला काहीतरी उरतं.

निशाणा कुणावर धरायचा याचाही विचार करावा. डीएमचा हात आपोआप फायटरकडे जातो, कारण तलवार मोठी. पण मैलभर पसरलेलं गुलामांचं जाळं चालवणाऱ्याला तलवार नको असते. जिच्या मागून बाकीचे डोळे मिटून चालतात, अशी वाटाडी त्याला हवी असते.

चिठ्ठी

मी ब्रेक घेतला आणि निस्साच्या खेळाडूला बाजूला बोलावलं. मन ताब्यात जाणं हा विषय आम्ही सेशन झिरोमध्येच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) बोलून घेतला होता. चालेल असं सगळे म्हणाले होते, दोन अटींवर: ताब्यातल्या पात्राकडून प्रेम किंवा शारीरिक जवळीक यातलं काहीही करून घ्यायचं नाही, आणि टोळीतल्या कुणाचा जीव त्याच्या हातून जाणार नाही. नको असलेला प्रसंग थांबवायचं एक्स-कार्ड टेबलावर असतंच. तरीही प्रत्यक्ष वेळ आली की पुन्हा विचारावं. आधी दिलेला होकार त्या क्षणी टिकतोच असं नाही. मी तिला दुसरा पर्यायही दिला: नको असेल तर निस्सा काही काळ माझ्याकडे आणि तू गावातला एखादा कामगार चालव. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "नाही रे, मीच खेळणार. दे काय ते."

दिलं ते तीन ओळींत होतं. मालकाला हवंय: बाकीचे चौघं पाण्यापर्यंत यावेत, आणि क्लेरिकची प्रार्थना ऐन वेळी थांबावी. तू करायचं नाहीस: ताब्यात आहेस हे बोलून, लिहून किंवा खुणेनं सांगायचं नाही, आणि खाणीपासून मैलभर लांब जायचं नाही. बाकी सगळं तुझं.

मैलाची ओळ का? कारण ताब्यातलं पात्र अ‍ॅबोलेथपासून किमान एक मैल लांब असेल तर चोवीस तासांत एकदा पुन्हा सेव्ह टाकू शकतं. अ‍ॅबोलेथला आपली मर्यादा ठाऊक आहे, तो ती झाकणारच. गाव अर्ध्या मैलावर असल्यामुळे टोळी तिथेच राहिली तर त्याला काळजी नव्हती.

उरला एकच तांत्रिक प्रश्न. इजा झाली की ताब्यातल्या पात्राला दर वेळी नवा सेव्ह मिळतो. तो टेबलावर उघड टाकला तर गुपित फुटलं. मी लपून टाकला तर खेळाडूचा फासा माझ्या हातात गेला. म्हणून तिनं ब्रेकमध्येच माझ्या स्क्रीनमागे (डीएमच्या आडोशामागे) काही फासे टाकले, मी आकडे क्रमानं लिहून घेतले आणि लागेल तसा एकेक वापरला. फासे तिचे, नशीब तिचं.

तीन फटी

पुढचं दीड सेशन निस्सा टोळीत होती आणि चौघांपैकी कुणालाच नक्की काही माहीत नव्हतं. गंमत म्हणजे सुगावे देण्यासाठी मला फारसं काही करावं लागलं नाही. एक नियमानंच दिला, एक परिस्थितीनं, आणि तिसरा, सगळ्यात सुंदर, तिनं स्वतः.

वरच्या बोगद्यात ताब्यातल्या कामगारांशी झटापट झाली. एका कुदळीचा घाव निस्साला बसला आणि तिनं पूर्ण इजा मुकाट लिहून घेतली. सातव्या लेव्हलच्या रोगकडे अनकॅनी डॉज असतं, रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या चालीवर लगेच द्यायचं प्रत्युत्तर) वापरून इजा निम्मी करता येते. पण अ‍ॅबोलेथच्या ताब्यातल्याला रिअ‍ॅक्शनच नसते. अर्दनचा खेळाडू चमकून म्हणाला, "अगं, डॉज विसरलीस?" ती म्हणाली, "राहू दे, मोजून झालंय." यादीतला त्या वेळचा आकडा सहा होता, ताबा तसाच राहिला.

त्याच झटापटीत ब्रेलनं एका कामगाराला जीव वाचावा म्हणून तलवारीऐवजी मूठ मारली आणि तो माणूस भानावर आला. साध्या माणसाचा विझडम बोनस शून्य, १४ किंवा जास्त हवे, म्हणजे पस्तीस टक्के. लगेच टेबलानं शोध लावला की हलक्या हातानं मारलं की काही जण सुटतात. ही त्यांची स्वतःची कमाई होती. मी नियम सांगितला नाही, फक्त परिणाम दाखवला.

खाली उतरण्याआधी अर्दननं प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड काढलं. अ‍ॅबोलेथ अ‍ॅबरेशन (विचित्र परक्या जीवांचा प्रकार) आहे, त्यामुळे या स्पेलखालच्या माणसाला तो चार्म (मोहित) करू शकत नाही, आणि आधीच चार्म झालेल्याला नव्या सेव्हवर अ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळतो. पण स्पेल एकावरच टिकतो, आणि ज्याच्यावर टाकायचा तो *राजी* असावा लागतो. साहजिकच वाटाड्यावर टाकायचं ठरलं. निस्सा म्हणाली, "माझ्यावर नको, ओर्विकवर टाक. तो पडला तर आपल्याला उचलणार कोण?" युक्तिवाद बिनतोड. ओर्विकनं इनसाइट (खोटं ओळखण्याचा फासा) मागितलं, तिचं डिसेप्शन (फसवण्याचं कौशल्य) +८. त्याला खरंच काही दिसलं नाही.

आणि मग ती विहिरीवर गेली, सगळ्यांसमोर पोहरा ओढला आणि पाणी प्यायली.

मी तिला पाणी पिऊ नकोस असं सांगितलंच नव्हतं. बोलायचं नाही, लिहायचं नाही, खूण करायची नाही. पाणी पिणं यांपैकी काहीच नाही. ती प्यायली, ओठ पुसले आणि सामान बांधायला लागली. उलटी नाही. तामिरच्या खेळाडूनं वहीची मागची पानं चाळली आणि काही न बोलता वही अर्दनच्या खेळाडूसमोर सरकवली.

पात्र माझ्याकडे असतं तर ही कल्पना मला सुचली असती का, याची मला शंका आहे. ताब्यात असलेल्या माणसाला सुटायचं असतं. डीएमला ते मनापासून वाटणं अवघड, कारण त्याच वेळी तो मालकही असतो.

पाण्यात

तामिरनं वॉटर ब्रीदिंग रिच्युअल म्हणून टाकलं: दहा मिनिटं जास्त लागतात, पण स्लॉट (स्पेल टाकण्याची मर्यादित संधी) खर्च होत नाही, चोवीस तास चालतं. ब्रेलला ग्रेटसोर्ड बाजूला ठेवून त्रिशूळ घ्यायला लावलं, कारण पोहण्याचा स्वतःचा वेग नसलेल्यांना पाण्याखाली डॅगर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, भाला आणि त्रिशूळ सोडून इतर हत्यारांनी मारताना डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा) लागतो. तामिरचा फायरबॉल पाण्यात बुडालेल्यांना निम्माच लागणार, म्हणून त्यानं लाइटनिंग बोल्ट तयार ठेवला. (पाण्यात वीज सगळीकडे पसरते की नाही यावर आमच्याकडे पाच मिनिटं वाद झाला. नियमात तसं काही नाही. पुढे चला.)

सुरुवात अ‍ॅबोलेथनं खोट्या प्रतिमेनं केली. घरापासून मैलभरात त्याला स्वतःची प्रतिमा उभी करता येते, आणि ताब्यातल्या कुणाला जी जागा दिसतेय तिथेही. म्हणजे निस्सा त्याचे डोळे होती. ब्रेलनं अ‍ॅक्शन सर्ज (एका खेळीत जादा चाल) खर्चून त्रिशूळ खुपसला तो हवेत. दरम्यान काठावर निस्सानं ओर्विकवर वार केला. खेळाडूनं स्नीक अ‍ॅटॅक (मोक्याच्या वारावरची जादा इजा) लावला नाही. तो ऐच्छिक असतो, आणि हुकूम प्रार्थना थांबवण्याचा होता, मारण्याचा नाही. ओर्विकचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं, ब्लेस (टोळीच्या फाशांना बळ देणारी प्रार्थना) गेलं. टेबलावर "वाटलंच!" असा कल्ला झाला.

ज्यांना वाटतं की काठावर उभं राहून बाण मारले की काम होईल, त्यांच्यासाठी राक्षसाच्या घराची खास चाल, म्हणजे लेअर अ‍ॅक्शन आहे: पाण्याची लाट वीस फुटांतल्या लोकांना डीसी १४ च्या स्ट्रेंग्थ सेव्हवर आत ओढते. ओर्विक आणि निस्सा दोघंही पाण्यात गेले. तिथे अ‍ॅबोलेथचा वेग चाळीस फूट, यांचा जेमतेम पंधरा. मी त्याला एका जागी थांबू दिलं नाही. टेंटॅकल दहा फुटांवरून लागतं, मग उगाच जवळ का जायचं? दुसऱ्या राउंडला ब्रेलला एक बसलं आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्ह चुकला. मी त्याच्यासमोर एक फासा ठेवला आणि दर राउंडला तो एकानं उतरवत गेलो. कशाचा हे सांगितलं नाही.

ब्रेलनं मुठीचा प्रयोग निस्सावरही केला: पाच इजा, नवा सेव्ह, अपुरा. तेव्हा अर्दनच्या खेळाडूनं अशी चाल केली जी मला अपेक्षित नव्हती. त्यानं अ‍ॅबोलेथला सोडलं आणि निस्साशेजारी पोहत गेला. सहाव्या लेव्हलपासून पॅलाडिनच्या दहा फुटांतल्या मित्रांना त्याचा करिज्मा बोनस सगळ्या सेव्हवर मिळतो, अर्दनचा +३. ताब्यातली निस्सा 'मित्र' धरायची का? मी धरली. मित्र कोण हे पॅलाडिन ठरवतो, मालक नाही.

अ‍ॅबोलेथ तोवर साठच्या खाली आला होता. त्याच्याकडे सायकिक ड्रेन असतं: दोन लेजंडरी अ‍ॅक्शन (इतरांच्या खेळींनंतरच्या जादा चाली) खर्चून ताब्यातल्या एकाला ३डी६ (सहा बाजूंच्या तीन फाशांची) इजा करायची आणि तेवढेच हिट पॉइंट्स स्वतः घ्यायचे. पण ती इजा आहे, आणि इजा म्हणजे नवा सेव्ह. म्हणूनच इतका वेळ त्यानं ते वापरलं नव्हतं. आता प्रार्थना थांबली होती, चौघं पाण्यात होते, निस्साकडून हवं ते मिळालं होतं. वापरून झालेला गुलाम त्याच्या दृष्टीनं अन्न. बारा इजा.

"आता उघड टाक," मी म्हणालो. फाशावर बारा पडले. स्वतःचा एक धरून तेरा, एकानं कमी. अर्दनचे तीन धरून सोळा.

सुटलेली निस्सा राक्षसापासून पाच फुटांवर होती, हातात शॉर्टसोर्ड, पलीकडे ब्रेल. स्नीक अ‍ॅटॅकचे ४डी६. सहाव्या राउंडला तामिरच्या विजेनं शेवट केला, आणि वरच्या बोगद्यातले सगळे कामगार एकाच क्षणी मोकळे झाले.

ब्रेलच्या फाशावर अजून सहा राउंड शिल्लक होते. आधी कोड्यात टाकलेली गोष्ट तेव्हा सांगितली: टेंटॅकलचा आजार पहिल्या मिनिटात आजार बरा करणाऱ्या कुठल्याही जादूनं जातो, त्यानंतर सहाव्या लेव्हलचा स्पेल लागतो. अर्दननं ले ऑन हँड्सचे (हस्तस्पर्शानं बरं करण्याचे) पाच पॉइंट दिले. शिवाय जवळून त्रिशूळ मारल्यामुळे ब्रेलला बुळबुळीत आवरणाचाही आजार झाला होता, म्हणजे काही तास श्वास फक्त पाण्यातच. त्याचे आणखी पाच.

सेशननंतर

मत एकच नव्हतं. निस्साच्या खेळाडूला हे कॅम्पेनमधलं सगळ्यात आवडलेलं सेशन वाटलं. तामिरचा खेळाडू विहिरीवरून दोन दिवस फुशारकी मारत होता. ओर्विकचा खेळाडू मात्र नाराज होता, वार झाल्यामुळे नाही, तर गुपितामुळे. "मला खेळात फसवलं तर चालेल, पण टेबलावर तुम्हा दोघांना माहीत आणि मला नाही, हे नाही आवडलं." त्याचं म्हणणं मी मान्य केलं. सेशन झिरोच्या यादीत आता वेगळा प्रश्न आहे: मन ताब्यात गेलं तर ते सगळ्यांना कळावं, की फक्त ज्याचं गेलं त्याला? एकानं जरी 'सगळ्यांना' म्हटलं, तर उघड. उघड खेळूनही विहिरीचा प्रसंग चालला असता. पात्रांना माहीत नसलेलं खेळाडूंना माहीत असलं की वेगळी मजा येते, फक्त ओळखण्याची मजा जाते.

राहिला त्या दोन नावांचा प्रश्न. निस्साच्या खेळाडूनं विचारलं, अ‍ॅबोलेथ खरं बोलला होता का. त्याला आठवण पक्की असते, पण खरं बोलायची सक्ती नसते. मी तिला एक नाव खरं दिलंय. कुठलं, ते तिला पुढच्या गावात शोधायचंय. आणि अ‍ॅबोलेथ खऱ्या अर्थानं मरत नाही. त्याचा आत्मा पाण्याच्या एलिमेंटल प्लेनवर परततो आणि काही दिवसांत किंवा महिन्यांत नवं शरीर धरतो. काहीही न विसरता. त्यामुळे निस्साच्या शीटवर मी एक ओळ वाढवली आहे, तिच्या परवानगीनं.